खोलीपेक्षा निवड महत्त्वाची

मधल्या किमतीचा मेटल डिटेक्टर घेताना इंग्लंड-अमेरिकेतले नाणीशोधक आधी विचारतात, किती खोल पोचतो? माझ्या मते प्रश्नच चुकतो. नांगरटीच्या शेतात बहुतेक नाणी वरच्या वीतभर मातीतच सापडतात. हुकतात ती शेजारच्या गंजक्या खिळ्यामुळे. म्हणून धातू-धातूंतला फरक यंत्राला किती कळतो, हे आधी पाहावं. गॅरेटचा एटी प्रो १५ किलोहर्ट्‌झ या एकाच वारंवारितेवर चालतो. लोखंडाचा जाड, घोगरा आवाज मुद्दाम ऐकवतो, त्यातून नाण्याची टिंग वेगळी काढायची ती कानानं. माइनलॅबचा व्हँक्विश एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरतो. समुद्रकिनारी ओल्या वाळूत त्याचं पारडं जड होतं: खारं पाणी स्वतःच वीजवाहक, त्यामुळे एकाच वारंवारितेचं यंत्र तिथं उगाच किणकिणत राहतं, तर अनेक वारंवारितांचे प्रतिसाद ताडून मिठाचा गोंधळ बराचसा वजा करता येतो. मग किनारा कधी न पाहणाऱ्यानं त्याचे पैसे का मोजावेत? ओल्या वाळूतल्या फायद्यासाठी तर मोजूच नयेत. बागेत, माळावर एटी प्रो पुरतो, शिवाय १० फूट पाण्यात बुडवता येतो. व्हँक्विशची जमिनीलगतची कॉइल तेवढी भिजलेली चालते. वरचा डबा पावसात झाकावाच लागतो.