पाचशेचं टूलकिट की एकच चांगला पाना? घरी गाडी उघडण्याआधी हे समजून घ्या

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. बाबांच्या स्कूटरचं ऑइल घरीच बदलायचं ठरवलं. इंजिनिअरिंगची पदवी आहे, मोबाइलवर व्हिडिओ आहेत, मग गॅरेजची मजुरी कशाला द्यायची? सुमारे पाचशे रुपयांचं ‘४६ इन वन’ टूलकिट ऑनलाइन मागवलं. चकाचक पेटी आली. पहिल्याच रविवारी ड्रेन बोल्टवर जोर लावला आणि पाना घसरला. बोल्टचे कोपरे गोल झाले, माझी बोटं इंजिनवर आपटून सोलली आणि ऑइल जिथल्या तिथे राहिलं.

शेवटी स्कूटर ढकलत गॅरेजला न्यावी लागली. गोल झालेला बोल्ट काढताना आटे गेले. ते नव्याने पाडून घेणं, नवा बोल्ट आणि ऑइल असं मिळून बिल किटच्या किमतीच्या दुपटीहून जास्त झालं. मेकॅनिककाकांनी किट हातात घेऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाले, की याने घरातली खुर्ची उघड, गाडी नको.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. स्वस्त हत्यारं खरंच वाईट असतात, की मी चुकीचं हत्यार चुकीच्या जागी वापरलं? उत्तर आहे, थोडं दोन्ही.

पाना घसरतो म्हणजे नेमकं काय होतं?

नटाला सहा बाजू असतात. पाना त्या बाजूंवर घट्ट बसला तर जोर सपाट भागावर पडतो. पान्याचं तोंड काही दशांश मिलिमीटर जरी सैल असलं, तरी तो जोर कोपऱ्यांवर जातो. कोपरा झिजतो, पाना सरकतो, नट गोल होतो.

चांगल्या कंपनीच्या पान्यात दोन गोष्टींचे पैसे असतात. पहिली म्हणजे तोंडाचं नेमकं माप. दुसरी म्हणजे पोलाद. क्रोम-व्हॅनेडियमसारखं मिश्रपोलाद घडवून, तापवून, योग्य रीतीने थंड करून त्याला कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही द्यावा लागतो. ही प्रक्रिया नीट झाली नाही, तर पान्याचं तोंड जोर लावताच फाकतं किंवा तडकतं. वरचा क्रोमचा मुलामा मात्र दोन्हींवर सारखाच चमकतो. म्हणूनच फोटो पाहून फरक कळत नाही.

किती जोर लागतो? गणित करून पाहा

छोट्या कारच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळलेले असतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. पाना २५ सेंटीमीटर लांब असेल, तर ८५ न्यूटन-मीटरसाठी टोकाला ३४० न्यूटन, म्हणजे साधारण ३५ किलो वजनाइतका जोर लागतो. हवेच्या गनने आवळलेला किंवा गंजलेला नट याहूनही जास्त मागतो.

आता ‘४६ इन वन’ किट पाहा. त्यातल्या सॉकेट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गोट्या, सहसा पाव इंची चौकोनी दांड्यावर बसतात. हा आकार मुळात हलक्या कामांसाठी आहे. अशा किटमधली सर्वांत मोठी गोटी बहुधा १४ मिलिमीटरची असते. मोटरसायकलच्या चाकाचा ॲक्सल नट किंवा कारच्या चाकाचा नट त्याहून मोठा असतो. म्हणजे ४६ वस्तू असूनही पंक्चर झालेलं चाक निघणार नाही. शिवाय त्या ४६ मध्ये बरेचसे स्क्रू ड्रायव्हरचे छोटे बिट असतात. आकडा त्यांनीच फुगतो.

मग देशी ब्रँड का?

हत्यारांच्या बाबतीत आपल्याला लांब पाहावं लागत नाही. गॅरेजमध्ये सर्रास दिसणारं ‘टपारिया’ हे नाव नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतलं आहे. पंजाबातलं जालंधर आणि लुधियाना ही हातहत्यारांची जुनी केंद्रं आहेत, तिथला माल परदेशातही जातो. राजस्थानातलं नागौरही हत्यारांसाठी ओळखलं जातं.

देशी ब्रँडचा मोठा फायदा म्हणजे पाना सुटा मिळतो. आकारानुसार साधारण शंभर-दोनशे रुपयांत एक चांगला पाना येतो. हरवला तर तेवढाच नवा घेता येतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी किंवा तुमच्या गावातलं जुनं हार्डवेअरचं दुकान, इथे पाना हातात घेऊन पाहता येतो.

पण ‘देशी’ म्हणजे आपोआप दर्जेदार, असंही नाही. नामांकित ब्रँडची नक्कल बाजारात असते. साध्या पत्र्यातून कापलेले पानेही इथेच बनतात. म्हणून नावाबरोबर वस्तूही तपासायला हवी.

दुकानात काय तपासाल?

१) खिशात एक नवा नट-बोल्ट घेऊन जा. पाना त्यावर बसवून हलवा. डुगडुगला तर परत ठेवा.

२) कंपनीचं नाव आणि माप पान्यावरच खोल कोरलेलं आहे का पाहा. फक्त खोक्यावर नाव असेल तर सावध व्हा.

३) गोटी घेताना आतून सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी सोयीची असते, पण ती नटाच्या कोपऱ्यांजवळ जोर देते. झिजलेल्या नटावर ती लवकर घसरते.

४) पॅकवर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि एमआरपी आहे का बघा. आयात माल असेल तर मूळ देशही लिहिलेला असायला हवा.

५) बिल घ्याच. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, त्यासाठी बिल लागतं.

ऑनलाइन घेत असाल तर खरेदीच्या दुसऱ्या दिवशीचे पाच तारे पाहू नका. सहा महिन्यांनी लिहिलेला अभिप्राय शोधा.

पाना चांगला, तरी नट गोल का होतो?

इथे चूक आपली असते. उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग पाना सगळीकडून धरतो. त्यामुळे घट्ट नट आधी रिंग पान्याने किंवा गोटीने सैल करायचा, मग उघड्या पान्याने भरभर फिरवायचा.

जपानी तंत्रज्ञानातून आलेल्या जुन्या मोटरसायकलींवर आणखी एक गंमत असते. त्यांचे अधिक चिन्हाचे स्क्रू जपानी मापाचे असू शकतात. अनेकदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण खोल बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खराब करतो. इथे महागडा स्क्रू ड्रायव्हरही हरतो, योग्य मापाचा जिंकतो.

आणि ड्रेन बोल्ट आवळताना उलटी चूक होते. इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं. लांब पान्याने जीव खाऊन आवळलं तर आटे जातात. मॅन्युअलमधला टॉर्क पाहून तेवढाच जोर लावा.

पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे?

चांगलंच घ्या: ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे रिंग किंवा कॉम्बिनेशन पाने, तुमच्या गाडीच्या मापाची प्लगची गोटी, एक मजबूत स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि ॲलन कीचा सेट. एकदम नको, लागेल तसे घ्या.

स्वस्त चालेल: ऑइल धरायचा ट्रे, नरसाळं, तारेचा ब्रश, हातमोजे, नट ठेवायची वाटी. जुनं स्टीलचं ताटही चालतं.

तडजोड नको: कारचा जॅक आणि जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, जॅक कितीही महाग असला तरी. ब्रेकचं काम हात बसलेला नसेल तर मेकॅनिककडेच द्या.

कार असेल तर आजच एक करा. गाडीतला चाकाचा पाना काढा आणि सपाट जागेत, हँडब्रेक लावून, चाक जमिनीवर असतानाच एक नट सैल करून परत आवळून बघा. निघत नसेल तर लांब दांड्याचा पाना घ्या. हे घाटात रात्री कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं.

थोडक्यात

किंमत पाहण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हे हत्यार घसरलं तर काय जाईल? फक्त वेळ जाणार असेल तर स्वस्त घ्या. बोल्ट, इंजिन किंवा बोट जाणार असेल तर चांगलं घ्या.

माझं ४६ वस्तूंचं किट अजून घरात आहे. मेकॅनिककाकांचं ऐकून त्याने खुर्च्यांचे स्क्रू आवळतो. स्कूटरसाठी आता तीन सुटे पाने आहेत. बाबांच्या स्कूटरचं ऑइल मी त्यानंतर दोनदा घरीच बदललंय.