देवमाशाच्या हाडाची गदा

गदा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें मारुतिरायाची गोल, अवजड गदा उभी राहते. जिच्याविषयीं येथें लिहावयाचें आहे ती मात्र चपटी, सुमारें हातभर लांब, दोहों कडांना निमुळती होत गेलेली असून प्रथमदर्शनीं वल्ह्याचें तुटलेलें पातेंच वाटावी. ती देवमाशाच्या हाडाची आहे.

कॅनडाच्या पश्चिमेस व्हँकूव्हर नांवाचें बेट आहे. त्याच्या महासागराकडील किनाऱ्यावर नू-चा-नुल्थ लोक राहतात. लाकडी होड्यांतून भर समुद्रांत जाऊन हे लोक देवमाशाची शिकार करीत, आणि भाला फेंकण्याचा मान नायकाचा असे. अशा समाजांत देवमाशाच्या हाडाचें शस्त्र हातीं असणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. मुठीच्या टोंकाला बांकदार चोंचीच्या पक्ष्याचें मस्तक कोरलेलें. त्यावर मुकुटासारखें दुसरें पक्षिमस्तक. पात्यावर मधोमध उभी रेघ. क्वचित् शिंपल्याचे चमकदार तुकडे बसविलेले. कित्येक अभ्यासकांच्या मतें हा पक्षी म्हणजे पंखांच्या फडफडाटानें मेघगर्जना करणारा, देवमाशाला नखांत उचलून नेणारा त्यांचा पुराणपक्षी होय. हत्ती आणि कांसव नखांत धरून उडालेला आपला गरुड येथें कोणास आठवणार नाहीं?

१७७८ सालीं कॅप्टन कुक तेथें उतरला. लोकांना धातूची, विशेषतः पितळेची, एवढी ओढ कीं खलाशांनीं अंगरख्यांचीं बटणेंहि देऊन टाकलीं. मोबदल्यांत घेतलेल्या वस्तूंत या गदाहि होत्या. न्यूझीलंडच्या मावरी लोकांचीं हाडाचीं शस्त्रें बरींच अशींच दिसतात. तेव्हां दोहोंचें मूळ एकच कीं काय, असाहि तर्क पुढें निघाला. केवळ साम्यावरून एवढी उडी घेणें मला पटत नाहीं. नू-चा-नुल्थांचे भाऊबंद माका लोक. त्यांच्या ओझेट गांवची, कुकच्या पूर्वींच चिखलाखालीं गाडलीं गेलेलीं घरें १९७० पासून उकरण्यांत आलीं, तेव्हां तेथेंहि अशा गदा सांपडल्या.

कुकच्या वेळच्या कांहीं गदा आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. त्या कोरणाऱ्यांचीं नांवें विचारून ठेवावीं असें कोणास वाटलें नाहीं. फार काय, त्या लोकांचें नांवहि 'नूटका' असें गैरसमजानें पडलें, आणि तेंच दोनशें वर्षें चाललें!

मुंबईचाहि या किनाऱ्याशीं एक धागा आहे. १७८५ च्या अखेरीस जेम्स स्ट्रेंज याचीं 'कॅप्टन कुक' व 'एक्सपेरिमेंट' हीं जहाजें पाणमांजरांच्या कातड्यांसाठीं मुंबईहून निघालीं आणि १७८६ च्या उन्हाळ्यांत तेथें पोंचलीं. परततांना स्ट्रेंजनें जॉन मॅके नांवाच्या इसमास तेथील भाषा व रीतिभाती शिकण्यासाठीं मागें ठेवलें. पुढल्या वर्षीं बार्कलेच्या जहाजानें त्याला तेथून नेलें.