ड्रोनचा नकाशा दुसरीकडे नेताना

गावाची मोजणी म्हटली की साखळी, फलक आणि उन्हातान्हात फिरणारा मोजणीदार आपल्या डोळ्यांसमोर येतो. अलीकडे त्यात ड्रोनची भर पडली आहे. पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावी प्रायोगिक मोजणी झाली, २०२० साली केंद्र सरकारची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली आणि गावठाणातील घरांच्या हद्दी ड्रोनच्या छायाचित्रांवरून आखल्या जाऊ लागल्या. शहापूर आणि मुरबाडसारख्या डोंगराळ तालुक्यांत ओहोळ, बांध, झरे आणि पाडे दाखवण्यासाठीही असा नकाशा फार उपयोगी पडतो.

पण नकाशा तयार होतो एका संगणकप्रणालीत आणि पाहिला जातो दुसऱ्याच प्रणालीत. अभियंता तो क्यूजीआयएसमध्ये उघडील, ग्रामपंचायतीत तो गूगल अर्थवर पाहतील, तर पाड्यावरचा तरुण मोबाइलवर. नकाशा असा एकीकडून दुसरीकडे नेणे हे फोटोची नक्कल काढण्याइतके सोपे वाटते. तसे ते का नाही, हे आपण पाहू.

ड्रोन एकच मोठे चित्र काढीत नाही. एकमेकांवर बरेचसे येतील अशी शेकडो छायाचित्रे तो घेतो. एकच झाड अनेक जागांवरून टिपले गेल्यामुळे त्याचे स्थान आणि उंची भूमितीने काढता येते. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात, त्याच तत्त्वावर! शेवटी हाती येते ते वरून सरळ पाहिल्यासारखे एक सलग चित्र आणि प्रत्येक बिंदूची उंची. हे चित्र दुसऱ्या प्रणालीत नेताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट आकाराची. एका चित्रबिंदूत जमिनीचा ५ सेंटिमीटरचा चौकोन मावतो असे धरू. मग १ चौरस किलोमीटरसाठी २०,००० × २०,००० म्हणजे ४० कोटी बिंदू लागतील. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर १२० कोटी बाइट झाले. साध्या मोबाइलला हे ओझे झेपत नाही. बिंदू २० सेंटिमीटरचा केला की हाच आकडा १६ पटींनी घटून साडेसात कोटींवर येतो. मात्र त्याबरोबर अरुंद बांधही पुसट होतो. दुसरा उपाय म्हणजे चित्राचे लहान चौकोनी तुकडे पाडणे. जो भाग पाहायचा तेवढेच तुकडे मग पडद्यावर येतात.

दुसरी गोष्ट स्थानाची. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, म्हणून जगाचे ६ अंश रुंदीचे ६० पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यातील निर्देशक मीटरमध्ये मोजण्याची एक पद्धत आहे. शहापूर आणि मुरबाड ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधल्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतात. गंमत अशी की निर्देशकांचे तेच आकडे शेजारच्या ४४ व्या पट्ट्यातही असतात. निर्यात करताना पट्ट्याचा क्रमांक चुकला, तर शहापूर सुमारे ६३० किलोमीटर पूर्वेला सरकून तेलंगणाच्या सीमेच्या आसपास जाऊन बसेल! ‘जिओटिफ’ या प्रकारच्या फाइलमध्ये ही माहिती चित्राच्या पोटातच ठेवता येते. साध्या चित्राबरोबर जी छोटी ‘वर्ल्ड फाइल’ जाते, तिच्यात सहा आकडे असतात, पण पट्टा कोणता याची नोंद नसते.

ही चूक निदान चटकन दिसते. तिसरी, उंचीची चूक मात्र लपून राहते. उपग्रहांवरून मिळणारी मूळ उंची समुद्रसपाटीपासून नसते. ध्रुवांकडे किंचित चपटा असा जो पृथ्वीचा गणिती आकार मानला आहे, त्याच्या पृष्ठभागापासून ती मोजलेली असते. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसल्यामुळे खरी समुद्रसपाटी या आकाराच्या कुठे वर, तर कुठे खाली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात ती सुमारे १०६ मीटर खाली आहे. जगातील हा सर्वांत खोल खळगा! त्याचा प्रभाव आपल्याकडेही पोचतो. ठाणे जिल्ह्यात हा फरक ६० मीटरांहून अधिक आहे.

याचा परिणाम काय होतो? समजा, एका झऱ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १४० मीटर आहे आणि खालच्या पाड्याची ११० मीटर. पाणी ३० मीटर उतरून पंपाशिवाय पाड्यावर येऊ शकेल. आता झऱ्याची उंची ड्रोनच्या नकाशातून रूपांतर न करता घेतली आणि पाड्याची छापील नकाशावरून घेतली, तर काय होईल? फरक ६० मीटर धरला तरी झरा ८० मीटरांवर दिसेल, म्हणजे पाड्याच्या ३० मीटर खाली. ‘पाणी चढणार नाही’ असा शेरा पडून योजना कागदावरच संपेल. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात आहेत. तेथे अशी चूक महागात पडते. दोन्ही उंच्या एकाच नकाशातून घेतल्या असत्या, तर त्यांच्यातील फरक बरोबरच आला असता. म्हणजे घोटाळा आकड्यांचा नसून दोन वेगवेगळ्या शून्यांचा आहे.

हे तत्त्व वर्गात सहज दाखवता येईल. दोन गटांना आलेखकागदावर शाळेच्या मैदानाचा नकाशा काढायला सांगावा. एका गटाने फाटक हा आरंभबिंदू धरावा, दुसऱ्याने ध्वजस्तंभ. मग आरंभबिंदू न सांगता गटांनी केवळ निर्देशकांची अदलाबदल करावी आणि झाडे मांडावीत. झाडे भलतीकडेच उगवतील! त्यानंतर आरंभबिंदू सांगावा आणि नकाशा दुरुस्त करू द्यावा.

ड्रोनच्या नकाशाबाबतही हेच करायचे. फाइल देताना तिच्यासोबत पट्ट्याचा क्रमांक, उंचीचे शून्य, बिंदूचा आकार आणि छायाचित्रणाची तारीख लिहून द्यावी. नव्या प्रणालीत फाइल उघडल्यावर देवळाचा कोपरा किंवा पुलाचे टोक यांसारखी ओळखीची एखादी खूण जागेवर आहे ना, हे पाहावे आणि तिची उंचीही ताडून घ्यावी. ही पडताळणी करायला वैज्ञानिकच हवा असे नाही. गावाची माहिती असलेला आठवीचा विद्यार्थीही ती करू शकेल.