स्टेपनी पाठीवर, पण भार कोणावर?

जीपसारख्या गाडीला मोठे टायर बसवले की जादा चाक ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. गाडीच्या मागे हिचमध्ये बसणारा कॅरिअर हे त्यावरचे एक उत्तर. ते कधी सोयीचे ठरते आणि कधी धोक्याचे?

पंक्चर कधी सांगून होत नाही. ते घाटात होते, भर पावसात होते आणि नेमके पुढचे गॅरेज पन्नास किलोमीटरवर असताना होते. अशा वेळी आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत गाडीतल्या सगळ्यांची भिस्त एकाच वस्तूवर असते, ती म्हणजे स्टेपनी. एरवी मात्र या पाचव्या चाकाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

एक काळ असा होता, की चारही चाकांना जोर असलेली गाडी सैन्याकडे, वनखात्याकडे किंवा चहाच्या मळ्यावरच दिसायची. आता तसे राहिलेले नाही. महिंद्राची नवी थार २०२० मध्ये आली, मारुतीची पाच दारांची जिम्नी २०२३ मध्ये. मुलांना घेऊन लेह, स्पिती किंवा कच्छच्या रणाकडे स्वतःच्या गाडीने जाणारी कुटुंबे आज सर्रास भेटतात. गाडी घेतली की पाठोपाठ हौस येते, आणि पहिली हौस असते ती मोठ्या टायरची. दगडधोंड्यांत पकड चांगली मिळते आणि गाडी रुबाबदार दिसते. अडचण इतकीच, की चार मोठ्या चाकांबरोबर पाचवेही तेवढेच मोठे लागते आणि कंपनीने दिलेल्या जागेत ते मावत नाही.

स्टेपनी हे नाव आले कोठून?

सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचेच. टायर फुटला की रस्त्याच्या कडेला बसून तो काढायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे आणि पुन्हा हवा भरायची. १९०४ साली वेल्समधील लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली एक धाव त्यांनी बनवली. फुटलेल्या चाकाला ती बाहेरून आवळायची आणि गाडी पुढे हाकायची. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून हे ‘स्टेपनी’ चाक. इंग्लंडमध्ये हा शब्द आज फारसा कोणी वापरत नाही. आपल्याकडे मात्र तो प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी आहे.

हे चाक ठेवायचे कुठे, हा प्रश्नही जुनाच. १९४१ मध्ये अमेरिकन सैन्यासाठी बनलेल्या विलिस जीपच्या पाठीवर एका बाजूला चाक असे आणि दुसऱ्या बाजूला पेट्रोलचा डबा. १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्यांसाठी बाजारात आली. सामान चढवता यावे म्हणून तिला मागे उघडणारी फळी दिली गेली आणि चाकाला जागा सोडून गाडीच्या कुशीला जावे लागले. मागचे दार हवे, तर चाक आड येते. या पेचावर गेली ऐंशी वर्षे नवनवे तोडगे निघत आले आहेत.

दारावर, पोटाखाली की टपावर?

बोलेरो, थार, जिम्नी या गाड्यांत स्टेपनी मागच्या दारावर असते. काढायला सोपी आणि चिखलापासून दूर. मात्र दाराच्या बिजागऱ्या आणि पत्रा कंपनीने दिलेल्या चाकाचे वजन धरूनच बनवलेले असतात. त्यावर दहा-पंधरा किलो जास्त वजनाचे चाक लटकवले, की खडबडीत रस्त्यावर दार थरथरू लागते. पुढे बिजागरी झिजते, दार खाली बसते आणि काही वेळा पत्र्याला तडाही जातो.

फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत स्टेपनी मागे पोटाखाली असते. डिकी मोकळी मिळते, पण गाडी चिखलात किंवा वाळूत रुतली तर चाक काढायला खाली शिरणार कसे? शिवाय मोठा टायर त्या जागेत बसतच नाही. तिसरी जागा टपावरची. तिथे चाक ठेवले, की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती जास्त झुकते. वर चाळीस किलोचे चाक टपावरून उतरवणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे.

मग उरते ती हिचची जागा.

हिच म्हणजे काय?

अमेरिकेत बोट, घोड्यांची गाडी किंवा फिरते घर स्वतःच्या गाडीमागे जोडून सुट्टीला जाण्याची पद्धत जुनी आहे. त्यासाठी गाडीच्या चेसिसला मागे एक मजबूत आडवी पट्टी बोल्टने बसवतात. तिच्या मधोमध चौकोनी तोंडाची नळी असते. हीच हिच. हलक्या कामासाठी नळीचे तोंड सव्वा इंची असते, जड कामासाठी दोन इंची. नळीत ओढायच्या आकड्याचा चौकोनी दांडा सरकवायचा, आरपार पिन घालायची आणि पिनेला क्लिप लावायची, झाले काम.

नळी आयती असल्यामुळे त्यात ओढायचा आकडाच कशाला, दुसरेही काही बसवता येईल, हे लोकांच्या लक्षात आले. सायकलचा स्टँड आला, सामानाची फळी आली आणि स्टेपनीचा कॅरिअरही आला. यूटामधील मोआबचे खडक किंवा कॅलिफोर्नियातील रुबिकॉनची वाट तुडवणाऱ्या जीपवाल्यांना तो सोयीचा वाटला, कारण चाकाचे वजन दारावर न येता थेट चेसिसवर जाते. चांगल्या कॅरिअरचा हात फाटकासारखा बाजूला उघडतो, त्यामुळे डिकी उघडण्यासाठी चाक उतरवावे लागत नाही.

भार दिसतो त्याहून मोठा

पाण्याने भरलेली बादली हात शरीराजवळ ठेवून उचलली तर जड वाटत नाही. तीच हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. हिचवरच्या चाकाचे नेमके हेच होते.

पस्तीस इंची टायर रिमसकट चाळीस किलोच्या आसपास भरतो. कॅरिअरचे वजन तीस किलो धरले तर नळीवर सत्तर किलो आले. तेही नळीपासून हात-दीड हात मागे आणि बरेच वर. गाडी खड्ड्यातून उसळली, की क्षणभर हाच भार दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. ओढायच्या ट्रेलरला स्वतःची चाके असतात. हिचवर त्याच्या वजनाचा थोडाच भाग येतो आणि जोडाला हलायला मोकळीक असते. कॅरिअर मात्र नळीला सतत पिळत राहतो. म्हणूनच हिचवर लिहिलेला ओढण्याचा आकडा येथे कामाचा नाही. पाहायचा तो उभ्या भाराचा आकडा, आणि तोही भरपूर राखून. नळी लांबवणारा जोड लावला तर ही क्षमता साधारण निम्मीच धरतात.

आणखी एक गोष्ट विसरू नये. मागच्या चाकांच्याही मागे वजन गेले, की पुढची चाके तेवढी हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड थोडी कमी होते. डिकीतही ठासून सामान भरले असेल तर फरक चांगलाच जाणवतो.

बसवताना काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे हिच चेसिसलाच बसली पाहिजे, बंपरला नव्हे. बंपरचा पत्रा हा भार घेण्यासाठी बनवलेला नसतो. बोल्ट गाडीच्या किंवा हिचच्या पुस्तकात दिलेल्या जोरानेच, टॉर्क मोजणाऱ्या पान्याने आवळावेत. ‘हाताला कळते साहेब’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचे कौशल्य मान्य केले, तरी येथे मोजमापच हवे.

दुसरे म्हणजे मापाचा घोळ. अमेरिकन दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये नळी मिलिमीटरच्या मापाने बनवली आणि आतले तोंड बरोबर ५० ठेवले, तर परदेशातून भाच्याने आणलेला कॅरिअर आत शिरणार नाही. तोंड सैल ठेवले तर तो आयुष्यभर खडखडत राहील. आधी दोन्हींची मापे घ्यावीत, मगच पैसे मोजावेत.

नळी आतून साफ करून गंज आणि वेल्डिंगचे खडे काढावेत आणि हलका ग्रीस लावावा. दांडा सरकवून पिन आणि क्लिप लावावी. बरोबर मापाच्या नळीतही थोडी फट राहतेच, म्हणून दांडा घट्ट जखडणारा बोल्ट किंवा क्लॅम्प वापरावा. खडखड हा नुसता त्रासदायक आवाज नाही. धातू धातूवर आपटून झिजत असल्याची ती खूण आहे.

चाक बसवायच्या पट्टीवरील भोके रिमच्या भोकांशी जुळतात का, हे आधी पाहावे. चाकाचे नट एकामागून एक गोल न फिरता समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येऊ देऊ नये, कारण सततच्या गरम धुराने रबर कडक होते. चढ-उतारावर गाडीची शेपटी जमिनीला लागत नाही ना, तेही एखाद्या उतारावर हळू चालवून तपासावे. कॅरिअरमुळे गाडी मागे लांब होते आणि पूर्वी सहज उतरणारा ओढा आता अडवतो.

पहिले पन्नास किलोमीटर झाले की थांबून सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. नवे जोड बसताना थोडे सैल होतात. लांबच्या प्रवासात तर रोज सकाळी चहाच्या आधी पिन, क्लिप आणि नटांवर हात फिरवण्याची सवय लावून घ्यावी.

दिवे, नंबर प्लेट आणि कायदा

आपल्या सोयीसाठी पाठीवर घेतलेले चाक मागून येणाऱ्याच्या जिवावर उठता कामा नये. ब्रेकचा दिवा, इंडिकेटर किंवा नंबर प्लेट झाकली गेली, तर धुक्यात मागच्या मोटारसायकलवाल्याला आपण थांबल्याचे कळणारच नाही. सैल झालेले चाक हमरस्त्यावर निखळून पडले तर काय होईल, याची कल्पनाही नकोशी वाटते. गाडी मागे घेताना दाखवणारा कॅमेरा आणि सेन्सरही चाकाआड जातात. घराच्या आवारात मुले खेळत असतील तर ही गोष्ट किरकोळ नाही.

भारतात कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील, असे बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये गाडीच्या पुढे लावायच्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास केंद्राने राज्यांना सांगितले होते. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची आहे. ती मनाला येईल तशी काढून दुसरीकडे ठोकता येत नाही.

तेव्हा ‘मित्राने लावलाय, त्याला कोणी अडवले नाही’ या भरवशावर राहू नये. कंपनीचे सर्व्हिस सेंटर, आरटीओ आणि विमा कंपनी या तिघांना आधी विचारावे आणि शक्यतो उत्तर लेखी घ्यावे. अपघातानंतर विम्याचा दावा नाकारला गेला, तर कॅरिअरची हौस फार महागात पडेल.

हे सारे खरेच हवे का?

कंपनीने दिलेल्याच मापाचे टायर वापरत असाल तर बहुतेकांना हिचवरच्या कॅरिअरची गरज नाही. आहे ती स्टेपनी नीट सांभाळली तरी पुरते. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना त्यामुळे स्टेपनीची सक्ती राहिली नाही. शहरात हे चालून जाईल. पण धारदार दगडाने टायरची बाजूच फाटली तर कोणताही संच कामाला येत नाही. आडवाटेला जाणाऱ्यांना पाचवे चाक लागतेच, आणि तेही बाकी चारांच्याच मापाचे. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत एक चाक लहान असले, तर गिअर आणि डिफरन्शियलवर ताण येतो.

आपल्या स्टेपनीत हवा किती आहे? बहुतेकांना हे सांगता येणार नाही. महिन्यातून एकदा पंपावर चारांबरोबर पाचव्याचीही हवा पाहायला सांगावी. टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्काही वाचावा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. एकदाही न वापरलेला टायरसुद्धा उन्हाने आणि वयाने म्हातारा होतो. दहा वर्षे झालेला टायर कितीही नवा दिसला तरी काढून टाकावा. उघड्यावरच्या चाकाला कापडी आवरण घातले तर ऊन थोडे कमी लागते.

आणि निघण्यापूर्वी एकदा घराच्या अंगणातच सर्वांनी मिळून चाक बदलून पाहावे. जॅक कुठे लावायचा, पाना कुठे ठेवला आहे, कॅरिअरची कडी कशी उघडते, हे घरातल्या किमान दोघांना यायला हवे. नवरा गाडी चालवतो म्हणून चाक बदलणे त्यालाच यावे, असे नाही. पान्यावर पाय देऊन जोर लावला की घट्ट नटही सुटतो, हे मुलीला आधी दाखवून ठेवले, तर घाटातल्या अंधारात तिला कोणाची वाट पाहावी लागणार नाही.