नवी गोळी आणि सात वर्षे

डॉक्टर नसलेल्या माणसाने औषधांवर लिहावे का, हा प्रश्न तुमच्याआधी माझ्या सौ.ने विचारला. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या बाबांना मधुमेहाची अगदी नवी गोळी सुचवली गेली आणि महिन्याभराची नमुन्याची पाकिटे हातात पडली. बाबा खूश. "अमेरिकेत औषधंसुद्धा फुकट देतात रे!" मी फार्मसीत चौकशी केली. महिना संपला की विमा वजा जाता दरमहा ९० डॉलर आमच्या खिशातून जाणार होते.

मग ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक मिळाले, 'वर्स्ट पिल्स, बेस्ट पिल्स'. ते 'पब्लिक सिटिझन' या वॉशिंग्टनमधल्या संस्थेचे. राल्फ नेडर यांनी १९७१ साली ती काढली आणि त्याच वर्षी डॉ. सिडनी वुल्फ यांना घेऊन तिचा आरोग्य संशोधन गट सुरू केला. संस्था सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा घेत नाही. वुल्फ २०२४ च्या जानेवारीत वारले, पण काम चालू आहे. काम म्हणजे काही गुप्तहेरगिरी नव्हे. औषध खात्याकडे, म्हणजे एफडीएकडे, आलेली कागदपत्रे चिकाटीने वाचायची, औषध बंद करा असा रीतसर अर्ज करायचा, आणि दाद लागली नाही तर कोर्टात जायचे.

रेझुलिन या मधुमेहाच्याच गोळीचे उदाहरण घ्या. जानेवारी १९९७ मध्ये तिला इथे परवानगी मिळाली. यकृत निकामी झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये त्याच डिसेंबरात ती बाजारातून काढली गेली. इथे मात्र विक्री चालूच! जुलै १९९८ मध्ये पब्लिक सिटिझनने बंदीसाठी अर्ज केला. प्रत्यक्षात गोळी गेली मार्च २००० मध्ये, म्हणजे ब्रिटननंतर सव्वादोन वर्षांनी. तोवर यकृत निकामी होऊन साठाहून अधिक मृत्यूंची नोंद झाली होती. एकच गोळी, दोन देश, आणि मधली सव्वादोन वर्षे. हे वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

दरवेळी संस्थेचेच खरे ठरते असे नाही. अव्हँडिया या गोळीवर बंदी घाला, असा अर्ज तिने २००८ मध्ये केला. भारताने २०१० मध्ये बंदी घातली. इथे २०१० मध्ये कडक निर्बंध आले, पण हृदयविकाराच्या पुराव्याची फेरतपासणी होऊन २०१३ मध्ये ते उठवले गेले. मात्र सुरक्षिततेची काही माहिती एफडीएला कळवली नाही, हा गुन्हा तिची उत्पादक ग्लॅक्सो कंपनीने २०१२ मध्ये कबूल केला. त्या वेळी इतर आरोपांसह एकूण ३ अब्ज डॉलर भरावे लागले.

संस्थेचा साधा नियम असा : नवे औषध जुन्यापेक्षा निश्चित सरस नसेल, तर सात वर्षे थांबा. कोणत्याही प्रॉडक्टची पहिली आवृत्ती मी कधी घेत नाही. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही कळते. गोळीच्या बाबतीत मात्र मला ते सुचले नव्हते!

पण चालू औषध मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मीही विचारले : ही गोळी बाजारात किती वर्षे आहे? जुनीपेक्षा बाबांना नेमका काय फायदा? कंपन्यांनी कोणत्या डॉक्टरांना किती पैसे दिले, हे सरकार २०१४ पासून जाहीर करते. तेही आधी पाहून ठेवले होते, पण तो विषय काढायची वेळ आली नाही. डॉक्टर रागावले नाहीत. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असता तर नव्या गोळीचा आग्रह धरला असता, म्हणाले. बाबांना तसे काही नाही. जुनी मेटफॉर्मिनच थोडी वाढवली.

उरलेली नमुन्याची पाकिटे मी परत नेऊन दिली. बाबा अजून हळहळतात.