उणे पातळीचा काठ

२०२५चा मे महिना सरत आला होता. बारामती-इंदापूर पट्ट्यात वर्षभराचा पाऊस मिळून पाचशे मिलिमीटरच्या आसपास भरतो. तिथे जूनही उजाडला नसताना ओढे दुथडी भरून वाहू लागले आणि पिंपळी-लिमटेकच्या शिवारात नीरा डावा कालवा फुटला. पाणी उसात शिरलं, काटेवाडीच्या बाजूला पसरलं, पालखी महामार्गावर आलं. बारामतीला आणि इंदापूरला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं धाडावी लागली. मे महिन्यात टँकरच्या खेपा मोजायची सवय असलेल्या तालुक्यांना त्या आठवड्यात बचावाच्या होड्या लागल्या.

पाऊस विक्रमी होता, हे खरंच. पण फक्त पावसाकडे बोट दाखवून विषय मिटत नाही. कालवा उताराला आडवा, समपातळीने चालतो. वरच्या माळावरून नदीकडे निघालेला प्रत्येक ओढा त्याला कुठे ना कुठे छेदतो. ओढ्याला कालव्याखालून वाट काढून दिलेली असते, पण ती वाट मोकळी राहिली तरच उपयोग. मोरीत गाळ आणि झुडपं, पुढे ओढ्याचं पात्र नांगरून उसाच्या दोन सऱ्या वाढवलेल्या, कुठे त्यावर रस्त्याचा भराव. अशा ठिकाणी ओढ्याचं पाणी कालव्याच्या भरावाला टेकून उभं राहतं, नाहीतर थेट कालव्यात उतरतं. पूरमैदान म्हटलं की आपल्याला गंगा-ब्रह्मपुत्रा आठवतात. पिंपळीसारख्या गावाचं पूरमैदान म्हणजे वर्षातले तीनशे साठ दिवस कोरडा दिसणारा ओढा आणि त्याच्या दोन्ही अंगांची पाच-दहा गुंठे जमीन. सातबाऱ्यावर तिची वेगळी नोंद नसते, आणि पाण्याच्या आठवणीला तलाठी विचारत नाही.

या भागात ओलं काय आणि कोरडं काय, हे गेली एकशे चाळीस वर्षं कालवा ठरवतो आहे. १८७६-७७च्या दुष्काळात कामाला हात मिळावेत म्हणून नीरा कालव्याचं काम काढलं गेलं आणि १८८५च्या सुमारास पाणी वाहू लागलं. माळरानाची बागाईत झाली, ऊस आला, गुऱ्हाळं आली, पुढे साखर कारखाने आले. त्याच वेळी जमिनीखालून दुसरं काहीतरी वर येत होतं. काळ्या खोल जमिनीला बारमाही पाणी मिळाल्यावर भूजल चढलं, उन्हाने ते वर ओढलं गेलं आणि मागे क्षार राहिले. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासोबत १९१०मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका काढली होती. कालवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. चोपण झालेल्या जमिनीत चर खणून पाण्याचा निचरा करणं हा उपाय तेव्हाही ठाऊक होता. पुढच्या शतकात चर बुजले आणि पाळ्या वाढल्या.

म्हणजे पाणथळ भूमीच्या संवर्धनावर लिहायचं तर या तालुक्यांत सुरुवातच अवघड होते. इथल्या शेतकऱ्याला पाणथळ म्हटलं की चिबडलेलं, वाया गेलेलं रान दिसतं. त्यात त्याचं चुकलेलं नाही. आणि ज्या पाणथळीसाठी लोक पुण्या-मुंबईहून दुर्बिणी घेऊन पहाटे इंदापूर तालुक्यात येतात, तीही निसर्गाने दिलेली नाही. ती पाटबंधारे खात्याने बांधलेली आहे, आणि बांधताना खात्याच्या मनात पक्षी अजिबात नव्हते.

भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवटा थेट दौंडच्या दिशेने मागे येतो. त्याखाली पन्नासच्या आसपास गावं उठली. पळसदेवचं जुनं गाव पाण्यात गेलं, नवं सोलापूर रस्त्याला वसलं. पळसनाथाचं मंदिर पाणी खूप उतरलं की उघडं पडतं आणि तेवढ्या दिवसांत वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार तिकडे धावतात. मंदिराइतकंच मोलाचं काहीतरी त्या पाण्याखाली आहे, पण त्याचा फोटो निघत नाही. ते म्हणजे भीमेचं खरं पूरमैदान. दरवर्षीच्या पुराने गाळ आणून घातलेली मळई, वाळूतली कलिंगडं-काकड्या, डोह, पात्रातली बेटं. आज भिगवणजवळ, कुंभारगावच्या काठी उभं राहून आपण जे बघतो, ते या बुडालेल्या पूरमैदानाच्या जागी आलेलं दुसरंच काही आहे.

ते काय आहे, हे समजायला थोडं गणित लागतं. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला मृतसाठा ६३ टीएमसीच्या वर, म्हणजे निम्म्याहून जास्त; उपयुक्त साठा साडेत्रेपन्न. धरण पूर्ण भरतं तेव्हा पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा ४९१.०३. पाच मीटर ऐंशी सेंटिमीटर. एवढ्याशा उंचीत साडेत्रेपन्न टीएमसी पाणी मावतं, याचा अर्थ तलाव अतिशय पसरट आहे. भागाकार केला तर सरासरी अडीचशेहून जास्त चौरस किलोमीटरचा पृष्ठभाग निघतो. अशा ताटात पाणी वीतभर उतरलं तरी काठ कितीतरी पुढे सरकतो. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत ओल्या चिखलाचा एक पट्टा रोज थोडा थोडा आत सरकत राहतो आणि तळाचं अन्न उघडं करत जातो. पक्ष्यांच्या दृष्टीने भिगवणचं सगळं रहस्य या सरकत्या पट्ट्यात आहे.

रोहित पक्षी गुडघाभर पाण्यात उभा राहतो, मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर करून चोचीतल्या जाळीतून बारीक कवचधारी जीव, अळ्या, शेवाळ गाळून घेतो. खोल पाण्यात त्याला हे नीट साधत नाही. म्हणून धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी डिसेंबरात आलेले पर्यटक रोहित दिसत नाहीत म्हणून नावाड्यावर चिडतात. शेकाट्या, तुतवार हे आणखी उथळाचे गिऱ्हाईक. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात आणि ओल्या काठावरचं कोवळं गवत चरतात. चित्रबलाक चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात फिरवतो आणि मासा चोचीला लागला की ती मिटतो. त्याची शिकार डोळ्यांपेक्षा स्पर्शावर चालते. त्यामुळे मासे उथळात दाटीने कोंडले जातात तो उन्हाळा हा त्याचा सुगीचा काळ, आणि पिल्लंही तो तेव्हाच वाढवतो. भादलवाडीच्या ब्रिटिशकालीन तलावातल्या बाभळी आणि इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातली झाडं ही त्याची बाळंतिणीची खोली. दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या टोपीवर वरून प्रसाद पडतो आणि तो वर न बघता बाजूला सरकतो. संवर्धन याहून साध्या रूपात मी तरी पाहिलेलं नाही.

आता हा काठ कुणाचा, ते बघू. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. जमीन बुडालेल्यांचा तिच्यावर भावनेचा हक्क आहे, खात्याचा कागदाचा. पाणी जसं लांब जातं तशी मोटारींची पाइपलाइन आणि चाऱ्या त्यामागे जातात, कारण वरचा ऊस आणि केळी त्याच पाण्यावर उभी आहेत. वीटभट्ट्यांना गाळाची माती हवी. वाळूवाल्यांना बुडालेल्या भीमेची वाळू हवी. त्यांच्या यांत्रिक बोटी महसूल खातं पकडतं आणि जिलेटिनने उडवून देतं, काही दिवसांनी नव्या बोटी येतात. मच्छीमारांना कटला, रोहू आणि आता मुख्यतः चिलापी मिळते. बारीक आसाच्या वडाप जाळ्यांनी बोटभर मासळीही उपसली जाते, आणि चित्रबलाकाच्या पिल्लांना भरवायला लागते ती नेमकी तीच मासळी.

पाणी कोणत्या वेगाने उतरायचं, हे यातल्या कुणाच्याच हातात नाही. ते ठरतं खाली सोलापुरात. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी औज-चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत नदीतून पाणी सोडायचं तर शहराच्या गरजेच्या कितीतरी पट जास्त सोडावं लागतं, कारण वाटेत कोरडं पात्र ते पितं आणि काठच्या मोटारीही. वर शेतीची आवर्तनं. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांपर्यंत खाली गेली. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, म्हणून उणे साठ म्हणजे मृतसाठ्यातलंच बत्तीसेक टीएमसी पाणी वापरलं गेलं. त्याच वर्षी २१ मे रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. धरणाने तोडलेल्या दोन काठांमधली वाहतूक अजून होडीवर चालते, हे बाकी महाराष्ट्राला त्या दिवशी कळलं. ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं.

भरलं ते पुण्याच्या पाण्याने. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी सोबत घेऊन येते. त्यातलं नत्र आणि स्फुरद शांत पाण्यात पोहोचलं की पाणी हिरवं पडतं, जलपर्णी माजते. गोष्ट एवढी सरळ असती तर बरं होतं. पोषकद्रव्यं वाढली की शेवाळ वाढतं, चिखलातल्या अळ्या वाढतात आणि काही प्रमाणात त्यावर जगणारे पक्षीही. शहराच्या मैल्याने काही पंख पोसले जात असतील, ही शक्यता पक्षिप्रेमींना आवडत नाही, पण ती नाकारून चालणार नाही. मर्यादा ओलांडली की मात्र रात्री पाण्यातला प्राणवायू संपतो, देशी मासे हटतात आणि चिलापीसारखे चिवट पाहुणे, अलीकडे काचेच्या टाक्यांतून आलेला सकर मासाही, जागा धरतात. २०२१मध्ये याच सांडपाण्याच्या नावाने उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरच्या गावांना देण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्हा पेटला आणि निर्णय मागे घ्यावा लागला. मैल्यावरही हक्क सांगायची वेळ येते, इतकी या खोऱ्यात पाण्याची ओढाताण आहे.

मग या जागेला कायद्याचं संरक्षण का नाही? २०१०च्या पाणथळ नियमांत जलाशय धरलेले होते. नदीचं मुख्य पात्र तेव्हाही व्याख्येबाहेर होतं; २६ सप्टेंबर २०१७ला आलेल्या नव्या नियमांनी सिंचनासाठी खास बांधलेले जलाशयही वगळले. म्हणजे भीमा आधीच बाहेर होती, आता तिच्यावरचं उजनीही. पण हीच अडचण सगळीकडे आडवी आलेली नाही. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, ठरलेलं नांदूर मधमेश्वर हाही गोदावरीवरचा, १९११च्या आसपास पुरा झालेला सिंचनाचाच बंधारा आहे. तिथे १९८६पासून अभयारण्य होतं, २०१९मध्ये रामसरचा दर्जा मिळाला. तेव्हा ‘मानवनिर्मित’ हे कारण वाटतं तेवढं भक्कम नाही.

तरीही उजनी अभयारण्य करा, ही मागणी मला पटत नाही. पलीकडच्या करमाळ्याला विचारा. १९७९मध्ये माळढोकसाठी सोलापूर-नगरच्या साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर अभयारण्य जाहीर झालं; त्यात गावंच्या गावं, बाजारपेठा, रस्ते आले. जमिनीचे व्यवहार अडले, लोक माळढोकाच्याच नावाने बोटं मोडू लागले. शेवटी क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं, तोवर पक्षीही संपत आला होता. उजनीच्या काठी एकदा विस्थापित झालेली माणसं आहेत. त्यांच्यासमोर पुन्हा नकाशावर रेघ ओढणारा अधिकारी उभा राहिला, तर पहिला बळी पट्टकदंबाचाच जाईल. कुंभारगावात मच्छीमारांची मुलं आज नावाडी आणि वाटाडे झाली आहेत, पक्ष्यांची नावं इंग्रजी-मराठीत सांगतात. कुठलीही अधिसूचना नसताना जे उभं राहिलंय, ते मोडायला अधिसूचना पुरेशी ठरेल.

काम करण्यासारखी जागा वेगळीच आहे, आणि ती फार रुक्ष आहे: कालवा सल्लागार समितीची बैठक. रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तनं तिथे ठरतात. लोकप्रतिनिधी येतात, अधिकारी येतात, टीएमसीवरून आवाज चढतात. तिथे मांडता येतील अशा गोष्टी छोट्या आहेत. पाणी झटक्यात न उतरवता टप्प्याटप्प्याने उतरवणं, म्हणजे चिखलाचा पट्टा हिवाळाभर टिकेल. भादलवाडीच्या तलावात पिल्लं उडेपर्यंत झाडांच्या बुंध्याशी पाणी राखणं, कारण ते आटलं की कुत्री आणि माणसं दोन्ही झाडाखाली पोहोचतात. गाळपेरीचे पट्टे देताना पाण्यालगतची एक ओळ मोकळी सोडणं. बारीक जाळ्यांवरची बंदी कागदावरून होडीवर आणणं. यातल्या कशालाच जादा पाणी लागत नाही. लागते ती वेळापत्रकात थोडी जागा.

पिंपळीच्या ओढ्यांचा प्रश्नही अशाच टेबलावर येतो, कारण कालव्याखालच्या मोऱ्या पाटबंधारे खात्याच्याच ताब्यात आहेत.  खाली नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, आणि नीरेवरच्या वीर धरणाचे आणि उजनीचे विसर्ग एकाच वेळी आले की पंढरपूरच्या वाळवंटात पाणी चढतं. वरच्या शिवारात ओढ्यांनी अडवून, पसरवून, मुरवून सोडायचं पाणी हल्ली सरळ खाली धावतं, ते तिथेच पोहोचतं. पिंपळी-लिमटेकला फुटलेला भराव घालायला माती आणि यंत्रं मिळाली. आता त्या भरावाला छेदणाऱ्या प्रत्येक ओढ्याची मोजणी करून त्याची मूळ रुंदी गावनकाशावर दाखवायची आहे, आणि ती रुंदी आज ज्यांच्या उसाखाली आहे त्यांच्याशी बोलायचं आहे. उसाला तोड मिळते ती दिवाळीनंतर; रान मोकळं होतं ते तेव्हाच.