भूरासायनिक प्रतिमानांतील विश्लेषण-माहितीची विश्वसनीयता

संगणकीय प्रतिमान दिलेल्या आकड्यांवर शंका घेत नाही. ती अभ्यासकानेच घ्यावी लागते. धन व ऋण आयनांच्या बेरजेतील तफावत ५ टक्क्यांच्या आत असली की भूजलाचे विश्लेषण ग्राह्य धरण्याचा प्रघात आहे. ही कसोटी अपुरी आहे. दख्खनच्या बेसाल्टमधील विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातील कार्बन डायऑक्साइड निसटून सामू वाढू शकतो. क्षारता मात्र जवळजवळ तीच राहते, म्हणून आयन-समतोल बिघडत नाही. सामू १ एककाने वाढला, तर कॅल्साइटचा संपृक्तता निर्देशांकही सुमारे १ ने वाढतो. कॅल्साइट विरघळविणारे पाणी मग कागदावर त्याचे निक्षेपण करणारे ठरते! यास्तव सामू व तापमान विहिरीवरच मोजावे. सोडियम वजाबाकीने काढलेले असल्यास तफावत शून्यच येते; असे निर्दोष कोष्टक प्रस्तुत लेखकास अधिक संशयास्पद वाटते.